विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांची खुर्ची

आपल्या घरातील नातवंडे बेएर शेवा, हैफा किंवा बार इलानला शिकायला गेली की थोड्याच दिवसांत त्यांच्या बोलण्यात 'आगुदा' हा शब्द येऊ लागतो. मोएद बेतची तारीख पुढे गेली, ती आगुदाने बदलून घेतली. मेओनोतचे भाडे वाढणार होते, आगुदा मध्ये पडली. आगुदा म्हणजे आगुदत हास्टुडेंटिम, विद्यार्थी संघ. आपल्यापैकी ज्यांचे कॉलेज मुंबईत किंवा पुण्यात झाले त्यांना याचे नवल वाटते. आमच्या काळी कॉलेजात गॅदरिंगचा सेक्रेटरी असे, क्रिकेटच्या टीमचा कॅप्टन असे. परीक्षेच्या तारखा आणि फी ठरवणाऱ्यांच्या बरोबरीने एखादा विद्यार्थी टेबलाशी बसतो, ही गोष्ट आमच्या मनातही येत नसे.

ही खुर्ची विद्यार्थ्यांना कोणी सहज दिली नाही. ती कशी मिळाली आणि कशी टिकली, याचा इतिहास आपण वडीलधाऱ्या मंडळींनी माहीत करून घेण्याजोगा आहे. त्यात आपल्या समाजाने याच देशात घेतलेल्या अनुभवाशी जुळणारे पुष्कळ आहे.

आधी मुंबईची गोष्ट सांगतो, कारण आपली सुरुवात तिथली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. त्या काळी विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे; कॉलेजे शिकवीत, विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. कारभार सेनेटच्या हाती होता. मुंबईचे गव्हर्नर हे चान्सेलर, आणि सेनेटमधले फेलो सरकारने नेमलेले. पुढे नोंदलेल्या पदवीधरांना काही जागा निवडून देण्याचा हक्क मिळाला. पण जो अजून शिकतो आहे, त्याला तिथे जागा नव्हती. विद्यापीठाने प्रश्न विचारायचे आणि विद्यार्थ्याने उत्तरे लिहायची, एवढाच दोघांचा संबंध.

आपल्या समाजाचा या विद्यापीठाशी संबंध जुना. डेव्हिड ससून शाळेचे हेडमास्तर आणि आपल्या प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ यहेज्केल राजपूरकर हे विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. १९०५ साली रिबेका रूबेन मॅट्रिकला पहिल्या आल्या, हे आपल्या घराघरांत अभिमानाने सांगितले जाते. याच रिबेकाबाई पुढे माझगावच्या इस्राएली शाळेच्या प्रिन्सिपॉल झाल्या आणि जवळजवळ तीस वर्षे त्यांनी ती शाळा चालवली. मात्र त्यांच्या त्या यशामागे एक जुना ठराव होता, त्याची आठवण क्वचितच निघते. आरंभी विद्यापीठाचे नियम फक्त पुरुष विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून लिहिले होते. मुलगी परीक्षेला बसू इच्छिते असे म्हटले की नियमावर बोट ठेवले जाई. १८८३ साली सेनेटने नियमांची दुरुस्ती करून मुलींना परीक्षेची वाट मोकळी केली. त्यानंतर काही वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या, आणि आणखी पुढे आपल्या रिबेकाबाई पहिल्या आल्या. विद्यापीठाच्या कागदावरचा मजकूर बदलला म्हणून पुढच्या मुलींना कोणाची मेहरबानी मागावी लागली नाही.

विद्यार्थ्यांना कारभारात घ्यावे की नाही, हा प्रश्न भारतात फार उशिरा आला. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर हे भारताचे सरन्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्यावर १९६६ पासून १९७१ पर्यंत मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांच्या कारभाराचा विचार करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकण्याची नीट सोय असली पाहिजे, असा त्या समितीच्या विचाराचा रोख होता. १९७४ च्या मुंबई विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी प्रतिनिधींना स्थान मिळाले. तोवर आपल्यातील पुष्कळ कुटुंबे अलिया करून इथे आली होती. पुढे कॉलेजच्या निवडणुकांत हाणामाऱ्या वाढल्या, आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली. म्हणजे मिळालेली खुर्ची सांभाळता आली नाही तर ती जाते, हेही मुंबईनेच दाखवले.

आता इस्राएलकडे येऊ. इथे विद्यार्थ्यांचा आवाज राज्य स्थापन होण्याच्या कितीतरी आधी उठला, आणि तो उठला भाषेच्या प्रश्नावर. हैफाच्या तेखनियोनची कोनशिला १९१२ साली बसली. ती संस्था उभारण्यात जर्मनीतील यहुद्यांची 'एझ्रा' नावाची मदत संस्था पुढे होती. या देशात तिच्या अनेक शाळाही होत्या. १९१३ मध्ये तेखनियोनच्या नियामक मंडळाने शास्त्र आणि तंत्राचे विषय जर्मनमधून शिकवायचे ठरवले. अखाद हाआम आणि श्मर्याहू लेविन यांच्यासारख्या सभासदांनी राजीनामे दिले. पण निर्णय फिरवला तो मुख्यतः शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी. एझ्राच्या शाळांतून मुले बाहेर पडली, शिक्षक बाहेर पडले, आणि हिब्रूतून शिकवणारे नवे वर्ग सुरू झाले. येरुशलेमला दावीद येलिन यांनी शिक्षकांसाठी वेगळे हिब्रू विद्यालय काढले. १९१४ च्या फेब्रुवारीत मंडळाने माघार घेतली. मग महायुद्ध आले, आणि १९२४ साली तेखनियोनचे वर्ग सुरू झाले ते हिब्रूतून. आपल्याकडे इतिहासात याला 'भाषांचे युद्ध' म्हणतात. आम्ही उतारवयात उलपानच्या बाकावर बसून हिब्रू शिकलो. ही भाषा विद्यापीठाची भाषा झाली, त्यात शाळकरी मुलांचाही हात होता, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

येरुशलेमचे हिब्रू विद्यापीठ १ एप्रिल १९२५ रोजी हार हात्सोफिमवर उघडले. पहिली दहा वर्षे तिथला कारभार वादाचा विषय होता. चान्सेलर यहूदा माग्नेस यांच्या हाती फार सत्ता आहे आणि देणगीदारांचे वजन फार पडते, अशी तक्रार स्वतः आइनस्टाइन यांनी केली होती. अखेर १९३३-३४ मध्ये चौकशीसाठी समिती आली. तिचे प्रमुख सर फिलिप हार्टोग. हे नाव आपल्यातील जुन्या शिक्षक-शिक्षिकांना ट्रेनिंग कॉलेजपासून ओळखीचे असेल. हे गृहस्थ ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते, आणि भारतातील प्राथमिक शाळांतील गळती आणि मुले एकाच इयत्तेत रखडण्याचा प्रश्न मांडणारा १९२९ चा हार्टोग समितीचा अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाला. त्यांच्या अहवालानंतर हिब्रू विद्यापीठाची घडी बदलली. १९३५ मध्ये माग्नेस अध्यक्ष झाले, आणि शिक्षणाचा कारभार प्राध्यापकांनी निवडलेल्या रेक्टरकडे गेला. पहिले रेक्टर ह्यूगो बर्गमन. हे भांडण देणगीदार, विश्वस्त आणि प्राध्यापक यांच्यातले होते. विद्यार्थ्यांच्या जागेचा प्रश्न त्यात मुख्य नव्हता. पण त्याच सुमारास, १९३४ साली, देशातील विद्यार्थ्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला.

राज्य झाल्यावर विद्यापीठे वाढली. बार इलान १९५५ मध्ये, तेल अवीव १९५६ मध्ये, हैफा १९६३ मध्ये, आणि नेगेवचे विद्यापीठ १९६९ मध्ये, ज्याला पुढे बेन गुरियन यांचे नाव दिले. १९५८ साली क्नेसेटने उच्च शिक्षण मंडळाचा कायदा केला. या मंडळाला आपण मालाग म्हणतो. कायद्याने विद्यापीठांना शिक्षणाच्या आणि कारभाराच्या बाबतीत स्वायत्तता दिली. पैसा मात्र बहुतेक सरकारचा. सत्तरच्या दशकात त्या पैशाची वाटणी करणारी समिती आली, तिला वतात म्हणतात. विद्यार्थी नेत्याचे काम कठीण होते ते इथेच. फी वाढली तर दोष कोणाचा? विद्यापीठ म्हणते, वततने पैसे दिले नाहीत. वतत म्हणते, अर्थखात्याने दिले नाहीत. अर्थखाते म्हणते, विद्यापीठांनी काटकसर करावी. हा तिढा समजून घेतल्याशिवाय नुसत्या घोषणा देऊन काही हाती लागत नाही.

दुसरी अडचण वेळेची. पदवी तीन वर्षांची. मुलगा किंवा मुलगी पहिले वर्ष सगळे समजून घेते, दुसऱ्या वर्षी निवडून येते, तिसऱ्या वर्षी काही करू लागते, तोच पदवी हातात पडते. समोरचे अधिकारी मात्र वीस-पंचवीस वर्षे त्याच खुर्चीत. त्यांनी थोडा धीर धरला की आजचा तडफदार नेता आपोआप निघून जातो. म्हणून जे विद्यार्थी नेते समजूतदार निघाले त्यांनी तोंडी आश्वासनावर समाधान मानले नाही. प्रत्येक गोष्ट नियमात, ठरावात, करारात उतरवून घेण्याचा त्यांनी आग्रह धरला.

याची दोन उदाहरणे आपल्या डोळ्यांदेखत घडली. १९९८ च्या अखेरीस फी अर्धी करावी म्हणून विद्यार्थ्यांनी कित्येक आठवडे संप केला. त्यातून पुढे निवृत्त न्यायाधीश एलियाहू विनोग्राद यांची समिती नेमली गेली. लेबेनॉनच्या दुसऱ्या युद्धाच्या चौकशीमुळे ज्यांचे नाव पुढे सर्वांच्या तोंडी झाले, तेच हे विनोग्राद. समितीने पाच वर्षांत फी निम्म्यावर आणावी अशी शिफारस केली. त्यातला काही भागच अंमलात आला, पण फी खाली आली.

दुसरा प्रसंग २००७ चा. सरकारने माजी अर्थमंत्री अव्राहाम शोखात यांची समिती नेमली होती, आणि फी पुन्हा वाढणार अशी विद्यार्थ्यांना भीती होती. एप्रिल-मे महिन्यांत ४१ दिवस वर्ग बंद राहिले. राष्ट्रीय संघाचे अध्यक्ष तेव्हा इताय शोन्शाइन होते. सेमिस्टर वाया जाण्याची वेळ आली, पालक चिंतेत पडले, आणि शेवटी सरकारशी करार झाला. कराराने पुष्कळ विद्यार्थी नाराज झाले. इतके दिवस बसून एवढेच मिळाले का, असे त्यांनी विचारले. जुलैमध्ये शोखात समितीचा अहवाल आला. त्यात फी वर्षाला १४,८०० शेकेल करावी आणि विद्यार्थ्यांना कर्ज द्यावे असे सुचवले होते. ती फीवाढ अंमलात आली नाही. ज्यांना करार अपुरा वाटला होता, त्यांच्या धाकट्या भावंडांना त्याचा फायदा मिळाला.

त्याच २००७ साली क्नेसेटने विद्यार्थी हक्क कायदा संमत केला. वर्तमानपत्रांत संपाला मोठी जागा मिळाली, या कायद्याला लहान. परंतु आमच्या मते त्या वर्षाची मोठी गोष्ट हीच. प्रवेश देताना भेदभाव करू नये, विद्यार्थ्यांना संघटना करण्याचा आणि आपले मत मांडण्याचा हक्क असावा, निवडणुकीने आलेल्या विद्यार्थी संघाला संस्थेने मान्यता द्यावी, तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र माणूस असावा, मिलुईमला गेलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान होऊ नये, गरोदर आणि बाळंत विद्यार्थिनीला सवलत मिळावी, या गोष्टी त्या कायद्यामुळे हक्काच्या झाल्या. आधी एखादा प्राध्यापक दयाळू असला तर परीक्षा पुन्हा घेई. नसला तर वर्ष जाई. आता नातू कायद्याचे कलम दाखवू शकतो.

या कायद्याची किंमत २०२३ मध्ये कळली. ऑक्टोबरच्या त्या भयंकर दिवसानंतर लाखो माणसे मिलुईमला बोलावली गेली, त्यांत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. शैक्षणिक वर्ष ३१ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलावे लागले. बुडालेले तास, राहिलेल्या परीक्षा, घरी एकटी राहिलेली तरुण आई आणि तिचा अभ्यास, या सर्वांसाठी सवलती ठरवायच्या होत्या. त्या चर्चांत विद्यार्थी संघ बसला होता, आणि त्याच्या हातात आधीच लिहिलेला कायदा होता. आपल्यातील किती आजी-आजोबांच्या नातवंडांना त्याचा आधार मिळाला असेल, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावे.

२०११ चा उन्हाळाही सांगितला पाहिजे. घरभाड्यांच्या विरोधात तेल अवीवला रोथशिल्ड रस्त्यावर तंबू उभे राहिले. राष्ट्रीय विद्यार्थी संघाचे अध्यक्ष इत्झिक श्मुली त्या चळवळीत पुढे आले. ३ सप्टेंबरच्या रात्री देशभर चार लाखांच्या आसपास माणसे रस्त्यावर होती. सरकारने मानुएल त्राख्तेनबर्ग यांची समिती नेमली. हे त्राख्तेनबर्ग त्या वेळी वततचे अध्यक्ष होते, म्हणजे विद्यार्थी संघाला समोरासमोर बसण्याची सवय असलेला माणूस. तंबूतील काही मंडळींना समितीशी बोलणे म्हणजे चळवळ विकणे वाटले. विद्यार्थी संघाने बोलण्याचा मार्ग धरला. त्यातून सर्व मागण्या पुऱ्या झाल्या नाहीत; घरभाडी आजही सर्वांना माहीत आहेत. पण तीन वर्षांच्या वयापासून मोफत बालशिक्षण त्या समितीच्या शिफारशीनंतर लागू होऊ लागले, आणि आपली पतवंडे आज त्या गानमध्ये जातात. श्मुली २०१३ मध्ये क्नेसेटवर निवडून गेले आणि २०२० मध्ये समाजकल्याण मंत्री झाले. विद्यार्थी संघ ही राजकारणाची शिडी झाली आहे, अशी टीका त्यानंतर वाढली, आणि ती अगदीच खोटी नाही. अनेक ठिकाणी संघाच्या निवडणुकीला फार थोडे विद्यार्थी मत द्यायला जातात. ज्या घरात कोणी लक्ष घालत नाही तिथे एकट्याचाच हुकूम चालतो, हे आपण सिनेगॉगच्या कमिट्यांपासून शिकलो आहोत.

आता आपली गोष्ट. १९६२ मध्ये रब्बनूतने बेने इस्राएलांच्या लग्नासाठी आईच्या बाजूने पिढ्यानुपिढ्यांची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या, तेव्हा आपली माणसे या देशात नवीन होती. भाषा अपुरी, नोकऱ्या साध्या, ओळखी नाहीत. दोन वर्षे अर्ज आणि भेटीगाठी झाल्या. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे येरुशलेमला सोखनुतच्या आवारात बायकामुलांसह धरणे धरून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटचे खास अधिवेशन भरले. लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत कोणताही भेद नाही. महिनाअखेरीस रब्बनूतने सूचनेतील 'बेने इस्राएल' हे शब्द काढले.

त्या धरण्याची छायाचित्रे आपण पाहतो, त्यांतील चेहरे ओळखतो आणि हळहळतो, कारण त्यांतील फार थोडे आज आपल्यात आहेत. पण त्या माणसांनी नुसते बसून घरी जायचे ठरवले नव्हते. सूचनेतील नेमके कोणते शब्द जायला हवेत, हे त्यांना ठाऊक होते. आज आपल्या नातीचे लग्न ठरते तेव्हा त्या शब्दांची तिला आठवणही नसते. त्यांचे काम किती पक्के झाले, हे यावरून दिसते.

म्हणून आम्हाला विद्यार्थी नेत्याच्या कामाचे मोल वाटते. त्याची मुदत वर्ष-दोन वर्षांची. त्याचे नाव पाच वर्षांनी त्याच्या विद्यापीठातही कोणाला आठवत नाही. पण त्याने नियमात एक ओळ घालून घेतली असेल तर त्याच्यानंतर येणारी, त्याला कधी न पाहिलेली मुले तिच्या आधाराने शिकतात.

वाचकांना आमची दोन लहान विनंत्या आहेत. ज्यांच्या घरी १९६४ च्या लढ्याची पत्रे, अर्ज, हिब्रूत किंवा मराठीत लिहिलेली निवेदने पडून असतील त्यांनी ती नातवंडांच्या हाती द्यावी आणि त्यांच्यासोबत बसून वाचून दाखवावी; मराठी त्यांना वाचता येत नसेल, पण ऐकून समजते. दुसरी विनंती सिनेगॉग आणि समाजाच्या संस्था चालवणाऱ्यांना. आपल्या कमिटीत एक खुर्ची शिकत असलेल्या मुलाला किंवा मुलीला द्यावी, आणि ती संस्थेच्या नियमात लिहून द्यावी. विद्यापीठांनी जे केले ते आपल्यालाही जड जाऊ नये. आपल्या मागे या संस्था कोण चालवणार, याची काळजी आपण दर शब्बाथला करतो. त्या काळजीवर एवढा उपाय तरी आपल्या हातात आहे.